लाँगस्ट्रीट: कादंबरीत आलेला आणि कादंबरीबाहेर राहिलेला

रानजाई

गेल्या महिन्यात गेटिसबर्गला, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या रणांगणावर, जाऊन आले. आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. घरापासून दीड तासाची वाट, पण इतक्या वर्षांत जाणं झालं नव्हतं. या वेळी एका पुतळ्यासाठी मुद्दाम गेले.

रणांगणाच्या पश्चिम कडेने एक रस्ता जातो. त्याच्या काठाने, उत्तरेविरुद्ध लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांची स्मारकं आहेत. व्हर्जिनियाचं स्मारक लांबूनच दिसतं. १९१७ सालचं, ४१ फूट उंच, वर घोड्यावर दक्षिणेचा सेनापती जनरल रॉबर्ट ली आणि समोर ते मोकळं शेत. तिथून पुढे गेलं की झाडीत जेम्स लाँगस्ट्रीट दिसतो. तोही घोड्यावरच आहे, पण चौथरा असा नाहीच. जवळजवळ जमिनीवरच उभा. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने जाऊन सरळ घोड्याच्या पायाला हात लावला. हा पुतळा १९९८ साली बसला. लढाई १८६३ ची! लीच्या खालोखालचा सेनापती, त्याच्या उजव्या हाताचा माणूस, आणि त्याला या मैदानात जागा मिळायला १३५ वर्षं लागली.

मला लाँगस्ट्रीट कळला तो मायकल शारा यांच्या ‘द किलर एंजल्स’ या कादंबरीतून. १९७४ साली आली, १९७५ साली तिला पुलित्झर मिळालं. गेटिसबर्गचे ते तीन-चार दिवस, प्रत्येक प्रकरण एकेका माणसाच्या डोळ्यांतून. ली, लाँगस्ट्रीट, उत्तरेकडचा चेंबरलेन, इंग्रज पाहुणा फ्रीमँटल. मी वाचत गेले आणि लाँगस्ट्रीटपाशीच अडकले. धिप्पाड, दाढीवाला, कमी बोलणारा. आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात रिचमंडला स्कार्लेट फीव्हरची साथ आली आणि आठवड्याभरात त्याची तीन मुलं गेली. ही खरी गोष्ट आहे, कादंबरीकाराने रचलेली नाही. कादंबरीत तो छावणीत हिंडत असतो तेव्हा ती मुलं त्याच्या मागे मागे असतात, आणि लेखक त्याबद्दल फार बोलत नाही. म्हणून ते जास्त लागतं.

त्याला या लढाईत चढाई करायची नव्हती. शत्रूला वळसा घालून चांगली जागा धरू, त्यांना आपल्यावर चालून येऊ दे, असं त्याचं म्हणणं. लीने ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी, ३ जुलैला, साडेबारा हजारांच्या आसपास माणसं मैलभर उघड्या शेतातून तोफांसमोर चालत पाठवायची होती. हुकूम लीचा, पण तो द्यायचा लाँगस्ट्रीटने. जनरल पिकेट समोर येऊन विचारतो, पुढे जाऊ का? लाँगस्ट्रीटच्या तोंडून शब्दच फुटत नाही. तो नुसती मान लववतो. निम्म्याहून जास्त माणसं मारली गेली, जखमी झाली किंवा पकडली गेली.

त्या झाडीत उभी असताना मला सारखं वाटत होतं, की या माणसाला आधी पुस्तकांनीच गाडलं आणि मग एका पुस्तकानेच वर काढलं. पण पुरतं काढलं का? तुमच्यापैकी कोणी वाचलंय का याच्यावर? सविस्तर लिहा, घाई नाही.

---

अर्धा_चहा

सिनेमा पाहिलाय, ‘गेटिसबर्ग’, १९९३ चा. टॉम बेरेंजर लाँगस्ट्रीट होता. पुस्तक वाचलेलं नाही.

एक कळलं नाही. चुकीचा हुकूम लीचा, विरोध लाँगस्ट्रीटचा. मग पुस्तकांनी गाडलं म्हणजे काय? दोष तर लीला जायला हवा होता ना?

---

मोडी_लिपी

अर्धा_चहा, जायला हवा होता, आणि त्या दुपारी लीने तो घेतलाही. हल्ल्यातून परतलेल्या जनरल विलकॉक्सला तो म्हणाला की हे सगळं माझ्यामुळे झालं. फ्रीमँटलने ते ऐकून रोजनिशीत लिहून ठेवलंय. पुढचं राजकारण मात्र युद्ध संपल्यावर झालं. जरा लांब लिहितो.

१८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिण हरली. लाखो माणसं मेली, गुलामांवर उभी असलेली सगळी घडी मोडली. आता हरलेल्यांना स्वतःला काहीतरी सांगायचं होतं. त्यातून एक कथा तयार झाली, ‘लॉस्ट कॉज’ नावाने ती ओळखली जाते. आम्ही गुलामगिरीसाठी लढलोच नाही, आमचे शिपाई जास्त शूर, आमचा सेनापती निर्दोष, आम्ही फक्त संख्येने कमी पडलो. या कथेत ली देव झाला. तो १८७० च्या ऑक्टोबरात वारला, त्यामुळे तो स्वतः काही खोडून काढायला उरला नव्हता. पण देव निर्दोष असेल तर गेटिसबर्ग कोणी हरवलं? कोणाच्या तरी माथी मारणं भाग होतं.

जुबल अर्ली नावाचा जनरल यात पुढे होता. १८७२ च्या जानेवारीत, लीच्या जयंतीला, त्याने लेक्सिंग्टनला भाषण केलं आणि लाँगस्ट्रीटवर बोट ठेवलं. हा अर्ली स्वतः पहिल्या दिवशी गेटिसबर्गला होता. टेकडी घ्यायची संधी त्या संध्याकाळी हातची गेली, त्यात त्याचा आणि त्याच्या वरिष्ठाचा, म्हणजे यूएलचा, वाटा होता. ते झाकायला त्याला दुसरा कोणीतरी हवाच होता.

पुढच्याच वर्षी, १८७३ च्या जानेवारीत, विल्यम पेंडलटन उभा राहिला. हा लीच्या तोफखान्याचा प्रमुख आणि पेशाने धर्मोपदेशक. युद्धाच्या सुरुवातीला याच्या चार तोफांना मॅथ्यू, मार्क, ल्यूक आणि जॉन अशी नावं होती. त्याने जाहीर सांगितलं की २ जुलैला सूर्योदयाला हल्ला करायचा असा लीचा स्पष्ट हुकूम होता, आणि लाँगस्ट्रीटने चार वाजेपर्यंत वेळ काढला. म्हणजे लढाई हातची घालवली ती यानेच.

असा हुकूम झालाच नव्हता. लाँगस्ट्रीटने लीच्या जवळच्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं. टेलर, मार्शल, व्हेनेबल, लाँग. सूर्योदयाच्या हुकमाबद्दल त्यांच्यापैकी कोणालाच काही माहीत नव्हतं. लीने हल्ल्याचा हुकूम दिला तो सकाळी अकराच्या सुमारास. आपल्याकडे ‘ध’ चा ‘मा’ म्हणतात, पण तिथे निदान मूळ कागद तरी होता. इथे नसलेला हुकूम उभा केला.

आणि तो टिकला. शाळेच्या पुस्तकांत गेला, आठवणींत गेला, चरित्रांत गेला. डग्लस साउथॉल फ्रीमनने १९३४-३५ साली चार खंडांत लीचं चरित्र लिहिलं, त्यालाही पुलित्झर. अफाट काम आहे, यात वाद नाही. पण हा माणूस कामाला जाताना रिचमंडमधल्या लीच्या पुतळ्याला रोज सलाम करायचा. त्याच्या लेखणीत लाँगस्ट्रीट म्हणजे अडेलतट्टू, रुसलेला, हुकूम मनाविरुद्ध म्हणून पाय ओढणारा. पुढच्या पुस्तकात तो थोडा नरमला, पण तोवर दोन पिढ्यांनी पहिलंच वाचलेलं होतं.

तो सलाम घेणारा पुतळा २०२१ च्या सप्टेंबरात उतरवला.

---

अर्धा_चहा

बाप रे. धन्यवाद, मोडी_लिपी. हे सगळं सिनेमात कुठेच नाही.

---

गोधडी

माहितीपूर्ण प्रतिसाद. पण मला एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते, रानजाई. तुम्हाला राग येऊ नये.

‘द किलर एंजल्स’मधला लाँगस्ट्रीट फार दूरदृष्टीचा आहे. पुढच्या शतकातले खंदक त्याला आधीच दिसतात. कुठल्याही पंधरा हजार माणसांना ती टेकडी घेता येणार नाही, असं तो लीला तोंडावर सांगतो. ते वाक्य आपल्यापर्यंत आलं कुठून? त्याच्याच लेखनातून. लढाईनंतर दहा-पंधरा वर्षांनी तो लेख लिहायला लागला, सगळं गेटिसबर्गचं खापर डोक्यावर घेऊन चिडलेला असताना. आत्मचरित्र तर १८९६ साली आलं, तेव्हा तो पंचाहत्तरीत होता. त्याआधी १८८९ साली त्याचं जॉर्जियातलं घर जळलं, त्यात कागदपत्रं गेली. तो आठवून लिहीत होता, आणि हरलेला माणूस आठवून लिहितो तेव्हा प्रत्येक वेळी तो थोडा जास्त बरोबर ठरत जातो. त्याने खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. पण शारा यांनी त्याचं म्हणणं जवळजवळ जसंच्या तसं घेतलं. आधी अर्लीची बाजू वेद मानली गेली, आता लाँगस्ट्रीटची.

मला तो १८६३ सालच्याच कागदावर जास्त आवडतो. फ्रीमँटल हा ब्रिटिश फौजेतला अधिकारी, सुट्टी काढून युद्ध बघायला आलेला. त्याची रोजनिशी त्याच वर्षी छापून आली. म्हणजे अर्लीचं भाषण व्हायच्या आठ-नऊ वर्षं आधी, कोणालाच काही सिद्ध करायचं नसताना. तो २ जुलैच्या सकाळी झाडावर चढून बसलाय. खाली ली, हिल, लाँगस्ट्रीट आणि हूड मसलत करतायत, आणि त्यातले शेवटचे दोघे बोलता बोलता चाकूने काटक्या तासतायत. इतकंच. पण मला ते दिसतं. साठ हजारांवर माणसांचं काय करायचं ते ठरतंय आणि हातात काटकी.

ली आणि लाँगस्ट्रीट जवळजवळ सारखे बरोबर असतात, त्यांचं एकमेकांवरचं प्रेम बघून भरून येतं, असं हाच फ्रीमँटल लिहितो. लाँगस्ट्रीटला खूश करायचं तर लीची स्तुती करावी, असंही. याच माणसाला पुढे लीचा घात करणारा ठरवलं. लीने त्याला अँटिटमच्या लढाईच्या रात्री ‘माझा जुना लढाऊ घोडा’ म्हटलं होतं, ते तर सगळ्यांनाच माहीत आहे.

३ जुलैला हल्ला मोडल्यावर फ्रीमँटल त्याच्याकडे पोचतो. उशिरा पोचल्यामुळे त्याला वाटतं हल्ला चालू व्हायचाय. लाँगस्ट्रीट रानाच्या कडेला लाकडी कुंपणावर बसलेला आहे, शांत. फ्रीमँटल म्हणतो, हे बघायचं मी कशासाठीही चुकवलं नसतं. तेव्हा लाँगस्ट्रीट हसतो. हसून म्हणतो, मला मात्र चुकवायला फार आवडलं असतं. आणि मग सांगतो की हल्ला केला होता, मागे हटवला गेला, बघा तिकडे.

त्या हसण्यात जे आहे ते चार पानांच्या स्वगतात येत नाही असं माझं मत.

---

रानजाई

गोधडी, राग कशाला? उलट हे वाचून मी रोजनिशीतलं ते पान शोधून काढलं. काटक्यांचं तुम्ही सांगितलं नसतंत तर नजरेतून सुटलंच असतं.

एवढंच म्हणेन की कादंबरीकाराला कोणाच्या तरी डोळ्यांत बसावं लागतं. त्या मैदानावर काय वाटत होतं हे कोरड्या इतिहासातून कळत नाही म्हणून लिहितोय, असं शारा प्रस्तावनेतच सांगतात. या कादंबरीला आधी पंधरा प्रकाशकांनी नकार दिला होता. पुलित्झर मिळूनही त्यांच्या हयातीत ती फार खपली नाही. ते १९८८ साली गेले, आणि सिनेमा आल्यावर लोक पुस्तकाकडे वळले. स्वतःच्या पुस्तकाचं यश त्यांनी पाहिलंच नाही. मला ते जिव्हारी लागतं.

---

तिरफळ

मी इतका वेळ वाचत होतो. चर्चा सुंदर चाललीय, पण सगळे लीने ऐकलं की नाही ऐकलं, चार वाजले की अकरा, यातच आहेत. हे लोक लढत कशासाठी होते?

कादंबरीत एका जागी लाँगस्ट्रीटच्या मनात येतं की युद्ध गुलामगिरीसाठीच आहे, आपण मात्र त्यासाठी लढत नाही. लेखकाने त्याच्या तोंडी निदान एवढं तरी कबूल केलं, हे खरं. पण चालतं का हे? साउथ कॅरोलिनात जन्मलेला, गुलाम बाळगणाऱ्या घरात वाढलेला जनरल, चार वर्षं ती व्यवस्था टिकवायला लढला आणि मनातून त्यासाठी लढत नव्हता म्हणे. मग लढला कशासाठी? कादंबरीत एक पळून आलेला काळा माणूस येतो, जखमी. त्याला धड बोलताही येत नाही. दोन-चार पानं, की गेला. ज्याच्यासाठी हे सगळं पेटलं त्याला तोंड नाही, आणि आपण सेनापतीच्या दुःखावर चर्चा करतोय.

हे मला बोचतं, कारण याच गोष्टीकडे इथे पुण्यात बसून एक माणूस बघत होता. मोडी_लिपींनी १८७३ साल सांगितलं, पेंडलटनच्या भाषणाचं. त्याच १८७३ साली जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ छापून आलं. अर्पणपत्रिका कोणाला आहे? अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून मोकळं केलं त्यांच्या सन्मानार्थ. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना तो कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी त्यात धरली. ज्या वर्षी तिकडे हरलेले सरदार युद्धाच्या कारणातून गुलामगिरी पुसून टाकायला बसले होते, त्या वर्षी जोतीरावांनी ती पुस्तकाच्या पहिल्या पानावर मांडली. शाळेत आम्हाला अर्पणपत्रिका पाठ होती, पण समोरच्या बाजूला त्याच वेळी काय चाललं होतं ते आज या धाग्यावर कळलं. अंगावर काटा आला.

म्हणून विचारतो, पुतळा जमिनीवर का आहे याचं दुःख आपण का करायचं?

---

अर्धा_चहा

+१ तिरफळ.

मुंबईचाही धागा आहे याला. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद, बॅक बेचा समुद्र भरून काढणाऱ्या कंपनीचे शेअर, सगळं त्याच चार वर्षांतलं. ली शरण आल्याची बातमी पोचली आणि भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. इतिहासाच्या तासाला ‘शेअर मॅनिया’ म्हणून शिकलो होतो, पण त्याला गेटिसबर्गशी कधी जोडलं नव्हतं.

---

रानजाई

तिरफळ, तुमचा प्रश्न मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतेय. तुमचं बरोबर आहे. धागा काढताना मीही तीच चूक केली, तीन दिवसांच्या लढाईत अडकले. पण माझा मूळ प्रश्न ‘पुरतं काढलं का’ हाच होता, आणि त्याचं उत्तर तुमच्या प्रश्नात आहे असं वाटतं.

दक्षिणेने लाँगस्ट्रीटला खड्यासारखं बाजूला काढलं ते गेटिसबर्गसाठी नव्हेच. लढाई झाली १८६३ साली. युद्ध संपेपर्यंत ली त्याच्यावर विसंबून होता. १८६४ च्या मेमध्ये विल्डरनेसच्या रानात त्याच्याच शिपायांची गोळी चुकून त्याच्या गळ्यात आणि खांद्यात घुसली. उजवा हात निकामी झाला, पुढे तो डाव्या हाताने लिहायला शिकला. आवाज बसला तो बसलाच. तेव्हा तो दक्षिणेचा लाडका होता.

बिनसलं ते १८६७ साली. न्यू ऑर्लीन्सच्या वर्तमानपत्रात त्याची पत्रं आली: आपण हरलो आहोत, जिंकलेल्यांचा कायदा मान्य करा, काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळालाय तोही मान्य करा. मग तो लिंकनच्या रिपब्लिकन पक्षात गेला. युद्धात उत्तरेचा सेनापती असलेला ग्रँट त्याचा लष्करी शाळेपासूनचा मित्र, ग्रँटची बायको त्याची नात्यातली, त्यांच्या लग्नाला हा हजर होता. ग्रँट राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८६९ साली त्याने याला न्यू ऑर्लीन्सच्या बंदरात कस्टम्सची नोकरी दिली. बस्स. गद्दार ठरला. आणि मग, त्यानंतर, लोकांना आठवलं की गेटिसबर्गलाही यानेच घात केला होता. तारखा ओळीने लावल्या की सगळं स्वच्छ दिसतं.

आता माझ्या मते खरी गोष्ट. १४ सप्टेंबर १८७४. न्यू ऑर्लीन्समध्ये व्हाइट लीग नावाची सशस्त्र गोऱ्यांची संघटना निवडून आलेलं सरकार उलथायला रस्त्यावर उतरली. त्यांच्यात किती तरी जण दक्षिणी फौजेतले जुने शिपाई. समोर शहराचे पोलीस आणि राज्याची मिलिशिया, तिच्यात बहुतेक काळे शिपाई. त्यांचा सेनापती होता लाँगस्ट्रीट. त्रेपन्न वर्षांचा, एक हात अधू, घोगरा आवाज. कॅनॉल स्ट्रीटवर तो स्वतःच्याच जुन्या माणसांसमोर उभा राहिला, काळ्या शिपायांच्या बाजूने. हरला. अंगाला वेग सरलेली गोळी लागली, पकडला गेला. तीन दिवस शहर व्हाइट लीगच्या ताब्यात होतं, मग ग्रँटने फौज पाठवली.

‘द किलर एंजल्स’च्या शेवटी प्रत्येकाचं पुढे काय झालं याचं छोटं टिपण आहे. लाँगस्ट्रीट रिपब्लिकन झाला आणि त्याने लीवर टीका केली, या त्याच्या दोन मोठ्या चुका, अशा अर्थाचं तिथे म्हटलंय. चुका! दक्षिणेच्या नजरेने ते लिहिलंय हे मला कळतं, तरी तो शब्द मला टोचतो. कादंबरीने त्याला गेटिसबर्गच्या आरोपातून सोडवलं आणि कॅनॉल स्ट्रीटवर तसंच सोडून दिलं. पुतळासुद्धा गेटिसबर्गलाच बसला. व्हाइट लीगच्या विजयाचं स्मारक मात्र न्यू ऑर्लीन्समध्ये १८९१ पासून होतं, २०१७ पर्यंत.

---

तिरफळ

रानजाई, हे मला ठाऊक नव्हतं. मनापासून आभार.

तरी एक लिहितो, कारण आपण परत एक देव करायला नको. त्या १८६७ च्या पत्रांमागे हिशेबही होता. आपण गोरे पक्षात शिरलो तर काळ्यांची मतं आपल्या हातात राहतील, हेही त्याच्या डोक्यात होतं. समतेसाठी उठलेला माणूस हा नव्हता. पण सात वर्षांनी गोळ्या समोरून येत असताना त्याने बाजू बदलली नाही. पहिला हिशेब असेल, दुसरं मला हिशेबात बसवता येत नाही.

---

ओसरीवरून

उशिरा येतेय. साहित्याबद्दल धागा आहे म्हणून एक भर घालते.

विल्यम फॉकनरच्या ‘इंट्रूडर इन द डस्ट’ या १९४८ च्या कादंबरीत एक लांबलचक वाक्य आहे. दक्षिणेतल्या प्रत्येक चौदा वर्षांच्या पोरासाठी एक क्षण असतो, त्याला हवा तेव्हा: १८६३ च्या जुलैतली ती दुपार, अजून दोन वाजलेले नाहीत, निशाणं सोडलेली आहेत, पिकेट केसांच्या तेल लावलेल्या बटा आणि हातात टोपी घेऊन टेकडीकडे बघत थांबलाय. कशासाठी? लाँगस्ट्रीटने शब्द द्यावा म्हणून. अजून काहीच घडलेलं नाही, सगळं अजून तराजूत आहे.

मी एम.ए.ला हे वाक्य शिकले आणि पुढे वीस वर्षं शिकवलं. दर वेळी पिकेटच्या बटांवर बोलले. लाँगस्ट्रीटचं नाव तिथे आहे आणि तो शब्द देणार आहे, यावर कधी थांबलेच नाही. आज रानजाईंचं पहिलं पोस्ट वाचल्यावर लक्षात आलं की तो शब्द आलाच नव्हता. सगळी पोरं पिढ्यान्‌पिढ्या एका शब्दाची वाट बघतायत आणि त्या माणसाच्या तोंडून तो निघालाच नाही.

त्याच्या बायकोबद्दलही कोणी लिहा. दुसरी बायको, हेलन. १८९७ साली लग्न केलं तेव्हा तो ७६ चा, ती ३४ ची. तो १९०४ च्या जानेवारीत गेला, आणि त्याच वर्षी तिने त्याची बाजू मांडणारं पुस्तक छापलं. पुतळ्यासाठी गेटिसबर्गला १९४१ साली जागाही मुक्रर करून घेतली, पण युद्ध आलं आणि राहून गेलं. त्या दुसऱ्या महायुद्धात ही बाई ऐंशीच्या घरात असताना विमानाच्या कारखान्यात कामाला जात होती. १९६२ साली वारली. पुतळा बघायला नव्हती.

---

मोडी_लिपी

ओसरीवरून, काय नेमकं पकडलंत.

आता एक काम सुचवू का? आत्मचरित्रातला तो परिच्छेद, पिकेटने विचारल्यापासून तो निघेपर्यंतचा, कोणी मराठीत आणेल? चार-पाच ओळीच आहेत. रानजाई, धागा तुमचा, सुरुवात तुम्ही करा.

---

रानजाई

केली. अडले. तो लिहितो की हुकूम बोलून द्यायचा प्रयत्न फसला आणि त्याने फक्त होकाराची मान लववली. मी आधी ‘मान डोलावली’ लिहिलं.

---

गोधडी

डोलावली नको. मान डोलते ती गाण्याला, कीर्तनाला. त्यात पसंती आहे.

---

मोडी_लिपी

‘मान तुकवली’? पण तुकवायची ती वरिष्ठापुढे, आणि पिकेट तर त्याच्या हाताखालचा. अर्थात पिकेटच्या मागे उभा असलेला हुकूम लीचा होता, त्या अर्थाने तुकवली असंही म्हणता येईल. पण वाचणाऱ्याला कळायचं नाही.

---

अर्धा_चहा

‘मान हलवली’ साधं आहे. फक्त आपल्याकडे मान हलवली म्हणजे हो की नाही ते समोरच्याने ठरवायचं असतं.

---

तिरफळ

‘मान खाली घातली’ म्हटलं तर शरम येते. मला ती यायला हवी वाटते, पण त्याने स्वतः तसं लिहिलेलं नाही. आपण आपल्या मनाचं घालू नये.

---

ओसरीवरून

क्रियापद त्याच्याकडून काढून घेऊन बघा. त्याने काही केलं असं नको.

---

रानजाई

काल रात्री पुन्हा बसले. पुढच्या वाक्यात तो लिहितो की पिकेटने यशाची खात्री असल्यासारखी कामगिरी स्वीकारली, घोड्यावर उडी मारली आणि आनंदात निघून गेला. ते जोडून असं झालंय:

‘पिकेटने विचारलं, पुढे जाऊ का? हुकूम तोंडातून काढायचा मी प्रयत्न केला, निघाला नाही. होकारादाखल नुसती मान खाली गेली. त्याने उडी मारून घोडा गाठला आणि तो खुशीत आपल्या माणसांकडे निघाला.’

‘खुशीत’ हा शब्द ठेवू का? मूळात तसंच आहे, पण लिहिताना हात थांबतो.

---

गोधडी

ठेवा.